कवळी आणि अल्हम्दु

साताऱ्यात 'पाणी'चं 'पानी' होतं, सांगलीत 'आणि'चं 'आनि' होतं, आणि त्यानं कुणाची तहान राहत नाही की कुणाचं वाक्य अडत नाही. आपल्या भागातलं तोंड असं ऐसपैस. पण याच तोंडानं दिवसातून पाच वेळा अरबी बोलायचं म्हटलं की पंचाईत होते. पाच वेळच्या फर्ज नमाजीच्या 17 रकाती, प्रत्येक रकातीत कुराणातल्या पहिल्या सुरेच्या, फातिहाच्या, 7 आयती, आणि पहिल्याच शब्दात, 'अल्हम्दु'त, ती 'बडी हे' ठाण मांडून बसलेली. हळद, हप्ता, हुरडा यांच्यातला आपला साधा ह तिथं चालत नाही. घसा आवळावा लागतो.

हरफ, म्हणजे अक्षर, तोंडात नेमकं कुठून निघतं त्या जागेला मखरज म्हणतात. इब्न अल-जज़री नावाच्या पंडितानं (हे 1429 मध्ये वारले) अशा 17 जागा मोजल्या. तज्वीद, म्हणजे शुद्ध पठणाचं शास्त्र, इतकं बारीक आहे की त्यात 32 दातांना गटागटानं नावं आहेत. 'ज़ाल' हवा तर जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकवायचं. 'ज़ाद' हवा तर जिभेची कड वरच्या दाढांना भिडवायची. या एका ज़ादवरून हिंदुस्थानात असे वाद झाले की दोन्ही बाजूंनी पुस्तिका निघाल्या. एवढ्या विद्वानांपैकी कुणी दात पडल्यानंतरचं परिशिष्ट ठळक अक्षरांत छापलेलं नाही, ही माझी जुनी तक्रार.

कारण आमच्या चाचांना सत्तरीत कवळी बसली. आयुष्य साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेला माणूस. क्विंटलमागे किलोची चूक खपवून घेतली नाही. आणि आता घरात फातिहातला 'सिरात' म्हणताना शिट्टी वाजायची, ती थेट अंगणात ऐकू यायची. तज्वीदच्या पुस्तकांत साद, सीन आणि ज़े यांना शिट्टीचे हरफच म्हटलंय, पण ते एवढी शिट्टी धरून नसावं. मशिदीत इमामाच्या मागे निभायचं. आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी, जमातीत गप्प उभं राहायचं. कोकणातले शाफई पाहुणे आले की ते इमामामागेही आपापली फातिहा पढतात, चाचांना त्यांची काळजी वाटायची. खरी अडचण ज्याची त्यानं पढायची सुन्नत नमाज पढताना. शेजारी सुट्टीवर आलेला मदरशातला एक तरुण उभा असायचा आणि सलाम फिरवल्याबरोबर कानाशी लागायचा, "चाचा, हलक से निकालो. मानी बदल जाती." मानी बदलतो हे खरं. मोठ्या काफचा 'कल्ब' म्हणजे काळीज आणि छोट्या काफचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा. चाचा शांतपणे म्हणायचे, "दातां गये बाबा, हरफां बी उनके साथ गये."

उच्चाराची ही धास्ती काही एकाच घरातली नाही. आमच्याच कृष्णेच्या वरच्या अंगाला वाईत वेद घोकणाऱ्या पोरांनाही वृत्राची गोष्ट ऐकवली जाते: इंद्राला मारणारा हवा म्हणून यज्ञ मांडला, मंत्रात स्वर चुकला, आणि इंद्रानंच त्याला मारलं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकून गेलेले विनोबा पुढे कुराण मुळातून, अरबीतून शिकले. त्यांना दोन्हीकडची धास्ती ठाऊक असणार.

पण धास्ती घालणाऱ्या शास्त्रानंच सवलतही ठेवलीय, आणि ती कुजबुजत नाही. हजरत आयेशांनी सांगितलेल्या हदीसमध्ये, जो अडखळत, कष्टानं कुराण वाचतो त्याला दोन पुण्यं मिळतात. एका माणसाला काहीच पाठ होईना, तर पैगंबरांनी त्याला अल्लाहच्या स्तुतीची चार-पाच छोटी वाक्यं शिकवली, तेवढ्यावर भागव म्हणून. बोबड्याची स्वतःची नमाज होते. त्यानं इमाम व्हावं की नाही, यावर तेवढी चर्चा. मूसांनी तर जिभेची गाठ सुटू दे अशी दुआ मागितली होती. आणि ऊसबिल थकलंय, घरातलं माणूस दवाखान्यात आहे, अशा वेळी तीन रकाती झाल्या की चार हे सुचेनासं होतं. त्यालाही शेवटी दोन जादा सज्द्यांची सोय आहे. चिंता लागलेला माणूस मोजणीत चुकणार, हे तिथं धरूनच चाललेलं दिसतं. माझं भांडण शास्त्राशी नाहीच, नमाजीच्या रांगेत शेजारी उभ्या असणाऱ्या परीक्षकाशी आहे.

दुप्पट म्हटल्यावर वजनकाट्यावरच्या माणसाचे कान टवकारले. पण मक्तबात पोरांना शिकवणाऱ्या हाफिजजींनी अट सांगितली: दुप्पट मिळतं ते झटणाऱ्याला, हात टेकणाऱ्याला नाही. म्हणून चाचा असरच्या नमाजीनंतर नुरानी कायदा, म्हणजे अरबीची बाळबोध पोथी, घेऊन पोरांच्या मक्तबात बसू लागले. त्यांच्या शेजारी पहिलीतलं एक पोर. त्याचे पुढचे दुधाचे दात पडलेले, चाचांची कवळी खिशात. दोघांचा ज़ाल एकाच पानावर अडला. हाफिजजी पोराला म्हणाले, "दात आये की आयेगा." चाचा म्हणाले, "और मेरे?" त्यावर वर्ग एवढा हसला की सबक तिथंच थांबला.

तरी माणूस हट्टी. त्यांनी मिरजेतल्या दंतवैद्याला गाठलं आणि वरच्या दाढांची कड जिभेला लागेल अशी करून मागितली. मिरजेचा दंतवैद्य, तानपुऱ्याची जवारी काढताना कारागीर जरासं घासतो, कान लावतो, परत घासतो, तशी त्यानं ती कवळी घासली. दर खेपेला चाचा खुर्चीतूनच फातिहातला शेवटचा 'वलज़्ज़ाल्लीन' म्हणून दाखवायचे आणि बाहेर बाकावर बसलेले पेशंट दार उघडून बघायचे. ज़ाद आता पुष्कळसा जागेवर आलाय. भाकरी मात्र त्या कवळीनं चावत नाही, दुधात कुस्करून घ्यावी लागते.