सावलीत वाळवा

वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर आमच्या घरात सोन्याच्या खालोखाल महाग वस्तू म्हणजे लेसची ब्रा. चार बोटं कापड, दोन हुक आणि किंमत अशी की नवऱ्याला सांगताना शेवटचं शून्य गिळावं लागतं. वर तिचा थाट केवढा! आत शिवलेलं लेबल बजावतं : थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सपाट पसरून सावलीत वाळवा. सपाट? भाईंदरमधल्या गोडदेवच्या वन रूम किचनमध्ये सपाट जागा म्हणजे एक तर ओटा, नाहीतर दुपारचे झोपलेले सासरे. दोन्हींवर ब्रा वाळत घालता येत नाही.

हे धुणं कामाच्या मावशींकडे देण्याची सोय नाही. त्यांच्या मोरीत संपूर्ण समता आहे. जीन्स, पायपुसणं, लेस, सगळ्यांना एकच ब्रश आणि एकच त्वेष. म्हणून पाणी आलं की मीच बसते. उल्हास नदीचं पाणी पाइपातून एवढी मजल मारून भाईंदरला येतं, अख्खी इमारत पिंपं भरायला धावते आणि त्या धांदलीत मी छोट्या टबात एक रुपयाची शाम्पूची पुडी फोडत असते.

"नाहतेस का गं?" सासूबाई बाहेरून विचारतात.

"हो," मी सांगते. कोणाला न्हाऊ घालतेय ते त्या विचारत नाहीत.

शाम्पू अशासाठी, की धुण्याच्या पावडरीत क्षार असतो आणि रेशमाला तो सोसत नाही. आपल्या आज्या रेशीम-लोकरीला रिठा वापरायच्या, तो आजही चालतो. आणि ब्रामध्ये ताणलं जाणारं जे काही असतं, तो लायक्राचा धागा 1958 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सनी शोधला. आतल्या कपड्यांतल्या रबराला पर्याय म्हणून त्या गृहस्थाने वर्षानुवर्षं डोकं चालवलं, ते काय मावशींच्या ब्रशसाठी? या धाग्याचे वैरी दोन, ब्लीच आणि कडकडीत पाणी.

धुण्याआधी हुक लावून घ्यायचे, नाहीतर ते शेजारच्या लेसला धरतात आणि मग सोडवता सोडवता जाळीचं भगदाड होतं. चोळायचं नाही, नुसतं बुचकळायचं. मग जुन्या पंच्यात गुंडाळून तळव्याने दाबायचं, की पाणी पंचा पितो. पट्ट्यांनी टांगायचं नाही, ओल्या वजनाने पट्टे लोंबतात. मध्यावर दुमडून दोरीवर टाकायचं.

कुठल्या दोरीवर, हा मात्र घराण्याचा प्रश्न. 'सावलीत वाळवा' हे वाचल्यापासून सासूबाईंना ती कंपनी फार संस्कारी वाटते. आमच्या ग्रिलमध्ये रस्त्याकडच्या दोरीवर नवऱ्याचं भोकाभोकांचं बनियन फडफडतं, त्याची लाज कोणाला नाही. त्यामागे चादर, चादरीमागे टॉवेल आणि टॉवेलाखाली, चोरीचा माल असावा तशी, ती. आता कंपनीला म्हणायची होती वारा लागणारी सावली. उन्हाने इलास्टिक खराब होतं, एवढंच तिचं म्हणणं. खाडीवरून येणाऱ्या पावसाळी हवेत चादर-टॉवेलाच्या कोंडीत काही वाळत नाही, नुसतं कुबट होतं. तसंच दमट अंगात घातलं की गजकर्णाला आमंत्रण, आणि ते डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे पुन्हा लाज. तिकडे उत्तनला बोंबील बघा. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने, भर किनाऱ्यावर खुशाल वाळत असतात. त्यांना वारा, आम्हाला टॉवेल!

गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने कुठल्याशा ग्रिलमधून एक फिकट गुलाबी ब्रा तळमजल्याच्या पत्र्यावर आणून टाकली. शर्ट पडला तर खालची पोरं "काकू, तुमचा शर्ट!" म्हणून बोंबलतात. या वेळी सगळ्या मजल्यांच्या खिडक्या पटापट लागल्या. शेवटी वॉचमनने ती काठीने काढली आणि सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या अक्षरात सूचना लागली : 'एक वैयक्तिक वस्तू वॉचमनकडे जमा आहे. ओळख पटवून घेऊन जावी.' ओळख पटवायची कशी? आधार कार्डावर फोटो चेहऱ्याचा असतो.

त्या आठवड्यात इमारतीतल्या बायकांना भाजीची फार गरज पडली. वॉचमनच्या केबिनवरून जाता जाता प्रत्येकीने डोकावून तज्ज्ञाचं मत दिलं. "पट्ट्यांनी टांगत असणार, बघा कसे लोंबलेत." "ब्लीच मारलंय हो, कडेचा रंग उडालाय." "हुक न लावता धुतलीय." मीही दोन शब्द बोलले. माझी आहे असं मात्र कोणी म्हणेना.

मग एका सकाळी ती केबिनमधून गायब झाली आणि फळ्यावर नवी ओळ आली : 'सदर वस्तू मालकाने नेली आहे.'

मालकाने! तेव्हापासून जिन्यात बायका समोरून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे वरपासून खालपर्यंत बघतात. सेक्रेटरींकडे जरा जास्तच.