नाद करा, पण ब्रेक मारून

भाड्याच्या गो-कार्टमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्या कोल्हापूरकराचा एक ठाम समज असतो, की गाडी चालवणं आपल्याला येतं. समज अगदीच निराधार आहे असंही नाही. ऐन संध्याकाळी दसरा चौकातून बिंदू चौकात जो आरशाला ओरखडा न पडता पोहोचतो, त्याला गाडी येत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? अडचण एवढीच, की त्या प्रवासात कामाला येणारी निम्मी विद्या हॉर्नची असते आणि उरलेल्यातली बरीचशी समोरच्याकडे डोळे वटारून बघण्याची. कार्टला हॉर्न नसतो आणि वटारलेले डोळे हेल्मेटात वाया जातात. ‘दादा’ असं वाचता येईल अशी नंबरप्लेटही नसते. हाताशी राहतात दोन पेडल, एक स्टिअरिंग आणि जमिनीपासून चार बोटांवर टेकलेलं बूड. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पुढे जायचं असेल, तर नवख्यानं वेग घ्यायच्या भानगडीत न पडता आधी वेग सोडायला शिकावं, असं माझं म्हणणं आहे. कोल्हापुरात हे बोलणं म्हणजे मिसळीत साखर मागण्यासारखं आहे याची मला कल्पना आहे, म्हणून पुरावा देतो.

पहिला पुरावा खुद्द यंत्राचा. कार्टचा जन्म १९५६ सालचा, कॅलिफोर्नियातला. आर्ट इंगल्स नावाच्या रेसगाड्या बांधणाऱ्या माणसानं लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन जोडलं आणि त्यावर स्वतः बसला. भाड्याच्या कार्टनं हे घराणं अजून सोडलेलं नाही. तिच्या मागे बहुधा दोनशे सीसीच्या आसपासचं, पाच-सहा अश्वशक्तीचं इंजिन असतं, म्हणजे पाण्याच्या पंपाला किंवा जनरेटरला लावतात त्याच जातीचं. ते आवाज भरपूर करतं, पण ओढ बेताची. त्यामुळे गेलेला वेग उधारीसारखा परत येतो, सावकाश आणि हप्त्याहप्त्यानं. आता हिशेब मांडू. समजा, वळणाआधी तुम्ही शेजाऱ्यापेक्षा दहा मीटर अलीकडे ब्रेक मारलात. ते दहा मीटर तो ताशी ५० किलोमीटरनं गेला आणि तुम्ही ४० नं, तर तुमचं नुकसान झालं ०.१८ सेकंदाचं. पण तुम्ही सावरून वळलात, लवकर अॅक्सिलरेटर दाबलात, आणि पुढच्या शंभर मीटरच्या सरळ पट्ट्यावर तुमचा सरासरी वेग ५० आणि त्याचा ४५ पडला, तर तुम्ही कमावलेत ०.८ सेकंद. एवढा परतावा पतसंस्थेतही मिळत नाही. म्हणून लांब सरळ पट्ट्याच्या आधीचं वळण सगळ्यात महत्त्वाचं. तिथे बाहेरून आत यायचं, आतली कड जरा उशिरानं शिवायची आणि बाहेर पडताना ट्रॅकची सगळी रुंदी वापरायची. रस्त्याचे पैसे भरलेले असतात, मग तो कडेपर्यंत का वापरू नये?

वेग कुठे सोडायचा हेही यंत्रच सांगतं. कार्टला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, त्यामुळे दोन्ही सारखीच फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण आतलं चाक त्याला सोडत नाही आणि कार्ट हट्टानं सरळच जाऊ बघते. यावरचा उपाय खासबागेत बसून कुस्ती बघितलेल्या माणसाला लगेच पटेल, कारण हा एकेरी पटाचा डाव आहे: प्रतिस्पर्ध्याचा एक पाय उचलला की तो आपोआप फिरतो. स्टिअरिंग वळवलं की पुढच्या चाकांच्या ठेवणीमुळे मागचं आतलं चाक किंचित उचललं जातं आणि कार्ट तीन पायांवर वळते. हा डाव कार्ट स्वतःच टाकते, आपण फक्त मध्ये यायचं नाही. मात्र आयुष्यभर मोटरसायकल चालवलेला माणूस वळण दिसलं की सवयीनं आत झुकतो आणि उचलू पाहणाऱ्या चाकावर आपलं सगळं वजन ठेवतो. मग कार्ट वळत नाही, टायर किंचाळतात, आणि बघणाऱ्यांना वाटतं, काय पळवतोय भावा! टायरचा तो आवाज वेग वाया गेल्याचा असतो.

त्याहून गंमत डाव्या पायाची. कार्टमध्ये उजवा पाय अॅक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर. ज्यानं क्लचची चारचाकी चालवली आहे त्याच्या डाव्या पायाला एकच शिक्षण मिळालेलं असतं, की दाबायचं ते थेट तळापर्यंत. तो पाय तसाच ब्रेकवर पडतो. बहुतेक भाड्याच्या कार्टचा ब्रेक मागच्या दांड्यावरच असतो, मागची चाकं जाम होतात, आणि त्या क्षणी स्टिअरिंग वळलेलं असलं तर ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हे वचन शब्दशः खरं होतं: माणूस आला त्या दिशेला तोंड करून बसतो. म्हणून ब्रेक सरळ रेषेत मारावा, वळणाआधी संपवावा, मगच स्टिअरिंगला हात घालावा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबू नयेत, त्यानं जाळ आणि धूर संगट निघण्याची सोय होते, पण क्लच बिचारा भाजतो.

आता आक्षेप. पहिला असा, की पैसे मोजलेत मोजक्या फेऱ्यांचे, त्यात हळू कशाला चालवायचं? पण भाडं बहुधा मिनिटांवर किंवा फेऱ्यांवर असतं, टायरच्या भिंतीत घुसून मार्शलची वाट बघत बसण्याचे पैसे कुणी परत देत नाही. दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो मात्र मान्य केला पाहिजे. एवढ्याशा इंजिनाला पन्नास किलोचा पोरगा आणि पांढऱ्या रश्श्यावर जोपासलेला नव्वद किलोचा गडी सारखे नसतात. म्हणूनच खऱ्या स्पर्धांत चालकासह किमान वजन ठरलेलं असतं आणि हलक्याच्या कार्टला शिशाचे तुकडे बांधतात. भाड्याच्या ट्रॅकवर हा न्याय नाही. पण मग जड माणसानं तर वेग आणखीच जपून खर्च करायला हवा. तिसरा आक्षेप रक्ताचा: कोल्हापूरकराला हे जमायचं नाही. याला उत्तर शहरातच आहे. राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या इथल्या मोहिते ट्रॅकवर झाल्या आहेत. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी हे देशातल्या शर्यतींतले ओळखीचे चालक इथलेच, आणि कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला-३ पर्यंत गेले. ही मंडळी काही नुसत्या अॅक्सिलरेटरवर तिथे पोहोचली नाहीत.

खरी कसोटी निळ्या झेंड्याची. तो दिसला की मागच्या वेगवान गड्याला वाट द्यायची. रस्त्यावर ज्यानं एसटीलाही कधी वाट दिली नाही, त्याला हा भर चौकातला अपमान वाटतो. पण अडवून धरण्यात दोघांचाही वेळ जातो. सोडलं, की तो कुठे ब्रेक मारतो आणि कुठे वळतो ते मागून फुकट शिकता येतं. एक गोष्ट मात्र थट्टेत नेऊ नये: मोकळे केस, ओढणी, मफलर. मागचा दांडा उघडा फिरत असतो आणि त्यात केस अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी काउंटरवर, मगच बूड सीटवर.

एवढं सांगूनही ज्याला वेग सोडायचाच नाही, त्याची सोय काही ट्रॅकवाल्यांनी करून ठेवली आहे. मार्शलच्या हातात रिमोट असतो. तो शांतपणे एक बटण दाबतो, आणि आपला वाघ भरल्या वडापच्या चालीनं पिटमध्ये येतो, हेल्मेट काढतो आणि दोस्तांना सांगतो, ‘‘इंजिनात कायतरी गडबड हाय गा, न्हाईतर दावलं असतं.’’