एकावर बारा शून्यं

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था 2028 पर्यंत एक ट्रिलियन डॉलरची करायची, असं सरकारने मनावर घेतलंय. ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं. शून्यांची सोय आमच्या कांदेवाल्यांनी केव्हाच करून ठेवली आहे. एक तेवढा मुंबईने द्यावा.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा आणला. वजन 512 किलो, भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता पट्टीवर उरले 2 रुपये 49 पैसे. चेक निघाला 2 रुपयांचा, 49 पैशांच्या मागे कोण लागतो! शिवाय तो पुढच्या तारखेचा. एवढा पैसा एकदम बाजारात उतरला तर महागाई भडकायची, ही दूरदृष्टी त्यामागे असावी.

लोक उगाच हळहळले. हमालाला मजुरी मिळाली, गाडीवाल्याला भाडं मिळालं, बँकेला चेक वठवायचं काम मिळालं. सेवाक्षेत्र वाढतं ते असं. राहता राहिलं शेतकऱ्याचं उत्पन्न. ते 2022 पर्यंत दुप्पट व्हायचं होतं. म्हणजे चार रुपये. दोन रुपयांनी हुकलं, एवढंच.

रुपया किलोचा कांदा दिल्लीला दिसत नाही. भाव जरा वर सरकला की मात्र दुर्बिणीशिवाय दिसतो. 2023 च्याच ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरात टनाला 800 डॉलरची किमान निर्यातकिंमत ठरली, डिसेंबरात थेट बंदी. चाळीतला कांदा सडत होता, पण महागाईचा आकडा अगदी टवटवीत राहिला. बंदी उठली 4 मे 2024 ला आणि नाशिक-दिंडोरीत मतदान होतं 20 मे ला. खरीप, रांगडा आणि उन्हाळ यांच्या पलीकडे कांद्याला चौथाही हंगाम असतो, हे कृषी विद्यापीठांच्या अजून ध्यानात आलेलं दिसत नाही.

देश पुढे गेला की माणसं शेतातून कारखान्यात जातात, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. आपण पुस्तकाच्याही पुढे गेलो. 2018-19 मध्ये देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीत होते, 2023-24 मध्ये 46.1 टक्के झाले. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र जेमतेम 18 टक्के. खाणारी तोंडं वाढली, भाकरी तेवढीच.

पण यातही सोय आहे. टाळेबंदीत चाकणहून परतलेला पोरगा बांधावर मोबाइल बघत बसलेला असतो. मधेच उठून मोटार चालू करतो. सरकारी पाहणीत त्याची नोंद होते ‘घरच्या शेतीत विनावेतन मदतनीस’. म्हणजे रोजगार मिळाला! बेरोजगारीतून एक नाव कमी. मुलगी बघायला जाताना त्याने ही पाहणी सोबत न्यावी, असं मी सुचवलं होतं. त्याने नेलीही. मुलीच्या बापाने पहिल्या पानावरच विचारलं, ‘‘विनावेतन म्हणजे महिन्याला किती?’’