आरोग्यासाठी वाळूजपर्यंत

महाराष्ट्र शासनाचं माझ्या प्रकृतीवर बारीक लक्ष आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा परवाना माझ्या पाकिटात असतो आणि विदेशी मद्य मी ‘आरोग्य राखण्यासाठी’ घेतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. गेल्या मे महिन्यात हे आरोग्य राखायला मी पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला गेलो. सोबत मेहुणा, एक आइसबॉक्स आणि क्राफ्ट बिअरच्या पाच बाटल्या.

मेहुणा पूर्वी माणसात होता. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ निघाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. तिथे कधीतरी त्याने एक ग्लास घेतला आणि त्या दिवसापासून बिअर प्यायची सोडली. आता तो ती ‘समजून घेतो’. ग्लास नाकाशी धरून इतका वेळ डोळे मिटतो की वेटर घाबरून मॅनेजरला बोलावतो.

“दाजी, संभाजीनगर म्हणजे आपलं म्युनिक,” तो शिरूरच्या पुढे म्हणाला. वाळूजच्या एमआयडीसीत मोठमोठ्या ब्रुअऱ्या आहेत हे खरं. पण म्युनिकला कारखान्याच्या दारातच प्यायला बसवतात. आम्ही वाळूजला एका फाटकापाशी थांबलो तेव्हा उकडत्या सातूचा, चुलीवर घुगऱ्या शिजताना येतो तसला, गोडसर वास सुटला होता. मेहुण्याने काच खाली केली, छाती भरून घेतली आणि वॉचमनला विचारलं, “टेस्टिंग कुठे होतं?”

“फुंकायचं मशीन आमच्याकडं नाही साहेब,” वॉचमन म्हणाला. “पुढच्या चौकात पोलिसांकडं असतंय.”

मुक्काम सिडकोत, मामांकडे. मामा वाळूजच्या एका ब्रुअरीतून रिटायर झालेत हे मला लग्नापासून ठाऊक होतं. तिथे ते करत काय होते, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. ‘कंपनीत आहेत’ एवढ्यावर आपल्याकडे मुली देतात.

संध्याकाळी गच्चीवर सतरंजी पडली. मेहुण्याने बाटल्या फिक्यापासून काळ्यापर्यंत ओळीने मांडल्या आणि मामींना म्हणाला, “प्रत्येक प्रकारानंतर ग्लास विसळायला लागतील. दोन बादल्या पाणी द्या.”

मामींनी त्याच्याकडे, त्याने किडनी मागितल्यासारखं बघितलं. “नळाला पाणी येऊन सहा दिवस झालेत. एक तांब्या देते. त्यात बसव.”

पहिली पिल्सनर. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सन गावी ही सोनेरी बिअर पहिल्यांदा निघाली आणि आजची बहुतेक बाटलीतली बिअर तिचीच नातवंडं, इथवर मेहुणा आला. तेवढ्यात मामांनी ग्लास हातात घेतला, वर तळवा झाकला, एकदा गोल फिरवला, तळवा काढून एकच हुंगा घेतला आणि खाली ठेवला.

“ही बाटली गाडीत कुठं होती?”

“बॉक्समध्ये मावली नाही. मागच्या काचेपाशी.”

“हिरवी बाटली. नेवाशापासून ऊन खात आलीय.”

हॉप्सच्या फुलांतलं कडू द्रव्य उन्हात मोडतं आणि त्याला घाण वास सुटतो. तपकिरी काच ऊन अडवते, हिरवी फारसं नाही. परदेशात या वासाला स्कंक नावाच्या जनावराचं नाव देतात. आपल्याकडे ते जनावर नाही, म्हणून मामांच्या लॅबमध्ये ‘जळका रबर’ असं लिहीत. तर मामा हेच करत होते. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी अकराला, जेवणाआधी, बिअर हुंगत होते. लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलंय, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा शिरलीय, उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी कमी पडली.

“तुम्ही वेगळी लागते म्हणून जास्त पैसे देता,” मामा म्हणाले. “आमची वेगळी लागली की मला मेमो.”

मेहुण्याचा चेहरा उतरला, पण त्याने गव्हाची जर्मन बिअर उघडली. हिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण दोन्ही घातलेलं नसतं. ती यीस्टची करामत.

“मग पैसे केळ्याचे का घेतले?” मामी.

बेल्जियन विटमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच असते. मामींनी घोटभर चाखून निकाल दिला, “धने भाजून घ्यायला हवे होते.” मला हे अगदी पटलं. इंडिया पेल एल, विलायतेहून जहाजाने येताना टिकावी म्हणून भरपूर हॉप्स घातलेली, कडूजहर. मामी भडकल्या. “गुळवेलीचा काढा मी यांना फुकट देते, तो बेसिनमध्ये ओततात!”

“बाटलीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, भाचेबुवा,” मामा म्हणाले. “बाकीची तुमची कविता.” २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये इथल्या खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. मामा तेव्हा नोकरीत होते. “तेव्हा शेजारी विचारायचे, तुमच्या बाटलीत आमच्या किती घागरी? सांगा, काय हुंगून उत्तर देऊ?”

शेवटची स्टाउट. करपवलेल्या सातूची, काळीकुट्ट, कॉफीच्या वासाची. मामांनी हुंगली आणि पहिल्यांदा हसले. “तव्यावर विसरलेली भाकरी. माझी आई करायची.” सोबत खायला शहागंजातून नान-खलिया आणला होता. मेहुणा म्हणाला, स्टाउट गार प्यायची नसते, दहा मिनिटं थांबू.

सहाव्या मिनिटाला खाली कुणीतरी ओरडलं, “नळ आला!”

मामी जिन्यात दिसेनाशा झाल्या, मामा त्यांच्यामागे. पिंप, बादल्या, कुकर, पातेली, सगळं भरलं. मग मामींची नजर गच्चीवर गेली. आइसबॉक्समध्ये बावीस लिटर मावतात हा शोध त्यांचा. मेहुण्याने तो बारा वेळा वर नेला.

तेराव्या खेपेला तो वाटेत थांबला, बॉक्सवर वाकला, डोळे मिटून हुंगलं.

“क्लोरीन,” म्हणाला.

“उचल,” मामी म्हणाल्या.