सेटिंगअण्णा

लग्नात भटजींना थांबवायचा अधिकार दोघांनाच. एक नवरीचा मामा आणि दुसरे आमचे अण्णा. मामा नवरीला घेऊन येईपर्यंत भटजी थांबतात, आणि अण्णांच्या फ्लॅशवरचा लाल दिवा लागेपर्यंत अख्खा मांडव थांबतो. अंतरपाट खाली आलेला, नवरदेव हार उंच धरून अवघडलेला, आणि अण्णा कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या त्या डबीला कान लावून उभे. "चार्ज होऊ दे की! शिट्टी बंद झाल्याशिवाय हार घालायचा नाही!"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीचे अण्णा हे हौशी फोटोग्राफर. पैसे घेत नाहीत, त्यामुळे त्यांना नको म्हणायचीही सोय नाही. सगळी नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, बिघडलेले माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणून. पंचवीस-तीस माग एकदम खडखडत असताना नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर मुलानं डिजिटल कॅमेरा घेऊन दिला, वरचा फ्लॅश अण्णांनी स्वतः घेतला, आणि कानाला पुन्हा काम मिळालं. तेव्हापासून त्यांचे लागोपाठचे दोन फोटो सारखे आलेत असं गल्लीनं पाहिलेलं नाही. एकात नवरी पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी, पुढच्यात तीच नवरी लोडशेडिंगमध्ये.

गंमत अशी, की प्रत्येक बिघाडाचं कारण अण्णांना सापडतं. आणि ते बरोबर असतं. फक्त लग्न लागून गेल्यावर सापडतं.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचं घ्या. सात नंदीध्वज, आणि ते पेलणारी, मागून चालणारी हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. अंधार पडल्यावर मिरवणुकीत अण्णांनी गल्लीतल्या पोरांचे फोटो काढले. सगळ्यांच्या बाराबंद्या करड्या. एका पोराची आई प्रिंट नाचवत आली. "अण्णा, दोनदा निळीतून काढली होती हो मी!"

"वहिनी, निळीला बोल लावू नका. कॅमेऱ्याला बाराबंदी कळत नाही."

मग पायरीवर बसून वर्ग भरला. हा फ्लॅश म्हणे एकदा पडत नाही, दोनदा पडतो. आधी एक बारका, नुसता चाचपायला. तो समोरच्यावर आपटून किती परत येतो ते कॅमेरा मोजतो आणि त्यावरून खरा फ्लॅश किती सोडायचा ते ठरवतो. पण त्याच्या हिशेबात सगळं जग मध्यम करडं. पांढरा घोळका दिसला की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो हात आखडता घेतो आणि पांढऱ्याचं करडं होतं. काळं दिसलं की उलट उधळपट्टी. "म्हणून पांढऱ्याला फ्लॅश प्लस दीडवर टाकायचा," असं म्हणून अण्णांनी तिथंच प्लस दीड केलं.

ते उतरवायला विसरले. पुढच्याच आठवड्यात एका रिसेप्शनला नवरदेव काळ्या सुटात. आधीच काळ्यानं फसलेला कॅमेरा, त्यावर यात्रेतला प्लस दीड. नवरदेवाच्या चेहऱ्यातली मिशी तेवढी वाचली.

सेलचा किस्सा तर त्यांच्याच घरातला. थोरल्या पुतणीचं लग्न, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. फ्लॅशला चार सेल लागतात. ऐनवेळी चार्ज केलेले तीनच सापडले. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळातला काढला, घातला आणि पुढे गेले. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री कडाडली, अण्णांनी धडाधड पाच फोटो मारले. पहिला लख्ख. दुसऱ्यात अर्धा उजेड. तिसऱ्यापासून नुसती काळोखात उडालेली अक्षता. "एक सेल कमजोर असला की चौघंही त्याच्या पायानं चालतात," हे अण्णांनी पंगतीत बसून सांगितलं. रिचार्जचे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५चे, पण रिचार्जवाले करंट सोडायला दिलदार, म्हणून फ्लॅश लवकर भरतो. घड्याळाच्या सेलला आयुष्यात एक काटा ढकलायची सवय, त्याच्याच्यानं हे होत नाही. सगळं पटण्यासारखं होतं. एवढ्यात दारातून अण्णांच्या सौभाग्यवती अक्का आल्या, दोन सुना आणि चार नातवंडं घेऊन, नटूनथटून. घरात मोबाईल चार, पण अक्कांचा भरवसा भिंतीवरच्या घड्याळावर. आणि ते सकाळपासून दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

अण्णा आठवडाभर स्वतःच्या हातानं चहा करून पीत होते.

ग्रुप फोटोत त्यांनी जी भांडणं लावली त्यांची यादी नको. फ्लॅशपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, हा निसर्गाचा नियम. पण खुर्चीवर बसलेले व्याही झगझगीत आणि मागच्या रांगेतले मेव्हणे अंधारात, याला निसर्ग जबाबदार आहे हे कुठल्या मेव्हण्याला पटणार? त्यावर उपाय म्हणून अण्णांनी फ्लॅशचं तोंड वर केलं, छतावर आपटून उजेड सगळीकडे सारखा पडावा म्हणून. छत मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाचं. उजेड सारखा पडला. सगळं वऱ्हाड सारखंच पिवळं आलं. ती हळदच होती म्हणून निभावलं.

मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, ते ऑटोचं लफडं सोडा. मॅन्युअलवर टाका, स्टेजपासून आठ फुटांवर खडूनं रेघ मारा, पॉवर एकदाच ठरवा. मग कपडा पांढरा असो की काळा, फोटो सारखेच येतील."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कारखाना बंद करायला निघालो होतो. "चालू मागाला जॉबर लागतो का बे?"

त्यांची सगळ्यात जुनी केस म्हणजे आमची थोरली काकू. दहा वर्षांच्या फोटोंत तिचे डोळे मिटलेले. अण्णांनी छडा लावला : काकूची पापणी तल्लख. पहिल्या चाचपणीच्या फ्लॅशलाच ती मिटते, आणि दुसरा पडतो तेव्हा डोळा बंद. इलाजही त्यांना ठाऊक होता. कॅमेऱ्यावर एक बटण असतं. ते दाबलं की चाचपणीचा फ्लॅश आधीच पडून जातो आणि माप पक्कं होतं. मग निवांतपणे खरा फोटो घ्यायचा.

काकूला नेसवून ओट्यावर बसवली. गल्ली जमली. "काकू, नीट ऐका. दोन फ्लॅश पडतील. पहिल्याला डोळे मिटा, काय हरकत नाही. दुसऱ्याला उघडे ठेवा."

काकूनं मान डोलवली आणि धोका नको म्हणून आधीच डोळे घट्ट मिटून घेतले. पहिला पडला. काकू ढिम्म. शिट्टी थांबली. गल्ली श्वास रोखून. शेवटी काकूनंच डोळे टक्क उघडले, हात पुढे नाचवला आणि तोंड वासून विचारलं, "अरे, झाला का पहिला?"

तेवढ्यात अण्णांनी बटण दाबलं.

तो फोटो अण्णांनी मोठा करून काकूच्या बैठकीत लावलाय. डोळे वटारलेले, तोंड उघडं, पुढचा एक दात नाही, हाताची पाच बोटं कॅमेऱ्यावर धावून आलेली. काकू त्यावर टॉवेल टाकते, अण्णा येऊन काढतात. परवा मी हसू दाबत समोर उभा होतो, तर मागून खांद्यावर हात पडला.

"तोंडाकडं काय बघतोस बे? पदर बघ. दोरा न् दोरा मोजून घे."