संगमरवरात कोरलेली लिंक

(स्थळ : एका भजनी मंडळाचं सभागृह. काळ : १६ मार्च २०१७, संध्याकाळ. हजर : चिटणीस, खजिनदार आणि वरच्या मजल्यावर राहणारा आयटीवाला. त्याला ‘पाच मिनिटं खाली ये’ असा निरोप गेला होता. असा निरोप आला की त्याच्या घरी पोळ्या झाकून ठेवतात.)

चिटणीस : ये, बस. चहा सांगितलाय. आधी हे बघ, कालपासून एकही अभंग उघडत नाही.

आयटीवाला : कुठला अभंग, काका?

चिटणीस : सगळेच. हरिपाठ, काकडा, गेल्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन. कोल्हापूरहून फोन, नाशिकहून फोन. एक बाई तर रागावल्याच, ‘बुवांना कुठे हलवलंत?’

खजिनदार : माझ्या मोबाइलवर नुसता चारशे चार असा आकडा येतो. मी दोनदा वही तपासली. एवढी बाकी कुणाचीच नाही.

आयटीवाला : (लिंक बघून) अरेच्चा, हे ड्रॉपबॉक्सचं पब्लिक फोल्डर. ते काल बंद झालं, १५ मार्चला.

चिटणीस : कंपनी बुडाली?

आयटीवाला : कंपनी ठणठणीत आहे. तिनं एक सोय काढून घेतली, एवढंच. त्या एका फोल्डरात काहीही टाकलं की त्याला थेट पत्ता मिळायचा. समोरच्याला खातं नको, पासवर्ड नको, पत्ता दाबला की कीर्तन सुरू. आता ते फोल्डर बाकीच्या फोल्डरांसारखं खासगी झालंय. तुमच्या फायली आहेत तिथेच आहेत, पण जुन्या पत्त्यावरून कुणाला पोचता येणार नाही.

खजिनदार : म्हणजे माल गोदामात सुखरूप, आणि दुकानाचं शटर खाली.

चिटणीस : पण असं न सांगता सवरता?

आयटीवाला : सांगितलं होतं की. डिसेंबरातच मेल गेले सगळ्यांना.

खजिनदार : डिसेंबरात मी बँकेच्या रांगेत होतो. दानपेटीतल्या पाचशे-हजाराच्या नोटा पिशवीत घेऊन.

चिटणीस : तीन महिने आधी सांगितलं म्हणजे माणसं बरी म्हणायची. आठ नोव्हेंबरला, नोटबंदीच्या वेळी, आपल्याला चार तास मिळाले होते.

खजिनदार : तो विषय नको. मेल आला कुणाला, ते बोला.

चिटणीस : भाच्याला आला असणार. खातं त्याच्या नावावर आहे. २०११ साली त्यानंच उघडून दिलं. तो हल्ली न्यू जर्सीला असतो.

खजिनदार : मंडळाची मालमत्ता तुमच्या भाच्याच्या नावावर? घटनेतल्या कुठल्या कलमाखाली?

चिटणीस : अहो, फुकट होतं ते.

खजिनदार : फुकट होतं का? मग राहू दे.

(खजिनदारांचा हिशेब चोख आहे. ज्याला पैसे पडले नाहीत ते वहीत येत नाही, आणि वहीत नाही ते हरवलं तरी त्यांना त्याचं दुःख होत नाही.)

आयटीवाला : २०११चं खातं म्हणून तर तुम्हाला हे फोल्डर आयतं मिळालं. ४ ऑक्टोबर २०१२ नंतर ज्यांनी खाती उघडली त्यांना ते आपोआप मिळत नव्हतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं की कंपनीचं मन यातून उडालंय.

खजिनदार : २०१२ म्हणजे चिटणीस घरोघर फिरत होते ते वर्ष. ‘एवढी लिंक दाबा, खातं उघडा.’ मला वाटलं, विमा विकायला लागले.

चिटणीस : काय करणार? फुकटात दोनच जीबी जागा होती. एक माणूस जोडला की पाचशे एमबी वाढायची. सगळं मंडळ जोडलं मी. पखवाजवाल्यांनी उभ्या आयुष्यात ई-मेल पाहिलेला नाही, पण त्यांचं खातं आहे.

खजिनदार : त्यांच्या वडिलांचंही आहे. ते वारले २००९ला.

चिटणीस : जागा कमी पडत होती हो!

आयटीवाला : (घाईने) बरं, वेबसाइट कुठे ठेवलीय मंडळाची?

चिटणीस : तीही त्याच फोल्डरात. भाच्यानं एका रविवारात बनवून टाकली होती. पण ऑक्टोबरपासून ती जरा वेगळी दिसते.

आयटीवाला : वेगळी म्हणजे?

चिटणीस : म्हणजे दिसत नाही. मला वाटलं, भाच्यानं डिझाइन बदललं. हल्ली बरीच जागा मोकळी सोडतात ना.

आयटीवाला : काका, ३ ऑक्टोबर २०१६पासून फुकट खात्यांतली पानं ब्राउझरमध्ये वेबपान म्हणून दिसणं बंद झालं. घट बसलेले असतानाच तुमची साइट उठली. गूगल ड्राइव्हवरही अशी पानं ठेवता यायची, ते तर त्याआधीच, ३१ ऑगस्टला बंद.

खजिनदार : पाच महिने आपली वेबसाइट नाही आणि कुणाचीही तक्रार नाही?

चिटणीस : एक आली होती. पण ती वर्गणीबद्दल होती.

(चहा येतो. खजिनदार कप मोजतात.)

चिटणीस : मला एक सांग, आमचं चुकलं काय? आम्ही हरिपाठच ऐकवत होतो ना?

आयटीवाला : तुम्ही हरिपाठ ऐकवत होतात. पण अशा फुकट जागेवर कुणी बँकेचं खोटं लॉगिन पान लावतो, कुणी व्हायरस ठेवतो. पत्त्यात मोठ्या कंपनीचं नाव दिसलं की लोक डोळे मिटून दाबतात. शिवाय तुमचं कीर्तन हजार जणांनी ऐकलं तर तेवढा डेटा पुरवायचा कुणी? फुकट खात्याच्या लिंकांवर दिवसाला २० जीबीची मर्यादा होती, पण तेवढाही खर्च कुणीतरी सोसतच होतं. हे माझं गणित बरं का. कंपनी एवढंच म्हणाली की ही आमची सगळ्यात जुनी पद्धत, आता फायली वाटायचे याहून चांगले मार्ग आम्ही केलेत.

खजिनदार : ‘याहून चांगली सोय’ असं कुणी म्हणालं की मी आधी खिसा चाचपतो.

चिटणीस : मग तो चांगला मार्ग कुठला?

आयटीवाला : एकेक फाईल उघडायची, ‘शेअर’ दाबायचं, नवी लिंक बनवायची. आणि जुनी लिंक जिथे जिथे दिली असेल तिथे नवी द्यायची. फक्त एक खुबी लक्षात ठेवा. नव्या लिंकनं आधी ड्रॉपबॉक्सचं पान उघडतं. लिंकच्या शेवटी ‘डीएल बरोबर शून्य’ असं असतं. त्यातलं शून्य खोडून एक लिहिलं की फाईल थेट उतरते.

खजिनदार : शून्य खोडून एक? माझ्यासमोर असलं बोलू नकोस.

आयटीवाला : लिंकमध्येच, काका.

खजिनदार : सगळे आधी लिंकमध्येच करतात. मग ऑडिटर येतो.

आयटीवाला : बरं, जुनी लिंक दिलीय कुठे कुठे?

चिटणीस : व्हॉट्सअ‍ॅपवर.

आयटीवाला : सोपं आहे.

चिटणीस : स्मरणिकेत. पाचशे प्रती.

खजिनदार : त्यातल्या चारशे कपाटात आहेत. पेनानं दुरुस्त करू.

चिटणीस : आणि... दारावर.

आयटीवाला : दारावर कागद चिकटवलाय ना? जाताना काढून टाकतो.

चिटणीस : कागद नाही.

(तिघे बाहेर येतात. दाराशेजारी देणगीदारांची पाटी आहे. पांढरा संगमरवर, काळी अक्षरं. देणगीदारांच्या खाली ‘श्रवणासाठी’ असं लिहून एक लांबलचक ओळ कोरली आहे. आयटीवाला ती बोट फिरवत वाचतो.)

आयटीवाला : डीएल डॉट ड्रॉपबॉक्स डॉट कॉम स्लॅश यू स्लॅश... आठ आकडे... स्लॅश हरिपाठ अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर दोन डॉट एमपीथ्री. फायनल दोन?

चिटणीस : पहिल्या फायनलमध्ये मागे कुकरची शिट्टी आली होती.

आयटीवाला : हे बघून माणसांनी मोबाइलवर टाइप करायचं?

चिटणीस : करतात की. एक आजोबा रोज दोन-दोन अक्षरं लिहून नेत होते. परवा एमपीपर्यंत आले होते.

खजिनदार : अक्षरामागे दर होता. अंडरस्कोर अक्षरात धरायचा की रेघेत, यावर कारागिरानं माझा अर्धा तास खाल्ला. शेवटी रेघेत धरायला लावला. स्लॅशचे मात्र त्यानं पूर्ण पैसे घेतले.

आयटीवाला : ज्यांनी वेब शोधलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलंय की एकदा दिलेला पत्ता बदलू नये.

चिटणीस : मग आम्ही दुसरं काय केलं? दगडात कोरला!

आयटीवाला : काका, ते पत्ता देणाऱ्यासाठी लिहिलंय. इथे जागा त्यांची, पत्ताही त्यांचा. तुमचा फक्त दगड.

(थोडा वेळ कुणी बोलत नाही. खजिनदार दगडाचा खर्च मनात आठवत असावेत.)

आयटीवाला : आणि तुम्ही काही एकटे नाही. जिओसिटीजवर लोकांनी आयुष्यभराची पानं रचली होती, ती २००९च्या ऑक्टोबरात गेली. गूगल रीडर १ जुलै २०१३ला गेलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला.

चिटणीस : ऑर्कुटवर आपल्या मंडळाची कम्युनिटी होती. चांगली चालली होती.

खजिनदार : दोन मिनिटं उभं राहायचं का? नाहीतरी उभेच आहोत.

आयटीवाला : ते जाऊ दे. आधी मूळ फायलींचं बोला. ड्रॉपबॉक्स तुमच्या कॉम्प्युटरवरही एक प्रत ठेवतं. तो कॉम्प्युटर कुठाय?

चिटणीस : (खजिनदारांकडे बघतात.)

खजिनदार : भंगारात. सातशे रुपये आले. पावती आहे.

आयटीवाला : म्हणजे सगळी कीर्तनं एकाच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाचा पासवर्ड न्यू जर्सीला?

चिटणीस : थांब, लावतो फोन. (फोन लावतात.) हॅलो! अरे, मामा बोलतोय. तिकडे सकाळ ना? पासवर्ड हवाय ड्रॉपबॉक्सचा... काय? कुणाच्या नावाचा? हळू बोल, आहेत इथे. (फोन ठेवून) मिळाला.

खजिनदार : काय आहे?

चिटणीस : तुमचं नाव आहे. आणि पुढे ‘चिकट’.

खजिनदार : (शांतपणे) म्हणूनच कुणाला सुचला नाही. सुरक्षित आहे. बदलू नका.

आयटीवाला : आजच्या आज सगळं उतरवून घेऊ. एक प्रत मंडळाच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या डिस्कवर चिटणीसांच्या घरी. दोन्ही एका कपाटात ठेवू नका. अभंग आपल्याच बुवांनी म्हटलेत, त्यांची परवानगी घेऊन इंटरनेट आर्काइव्हवर चढवू. ती ना-नफा संस्था आहे, १९९६पासून हेच काम करते, पैसे घेत नाही.

खजिनदार : म्हणजे परत फुकटच. मग यात फरक काय?

आयटीवाला : फरक पत्त्यात करायचा. मंडळाच्या नावाचं डोमेन घ्यायचं. पाटीवर, स्मरणिकेत, फ्लेक्सवर तेवढं एकच नाव लिहायचं. ते दाबलं की माणूस कुठे पोचेल हे आतून आपण ठरवायचं. आज आर्काइव्हवर, उद्या तेही बंद झालं तर आणखी कुठे. फायलींनी कितीही घरं बदलली तरी बाहेरचं नाव तेच राहतं.

चिटणीस : हे आवडलं मला. विकत केवढ्याला मिळतं?

आयटीवाला : विकत नाही मिळत. वर्षाला काहीशे रुपये भरून नोंदवायचं. एका वेळी फार तर दहा वर्षांचं.

खजिनदार : नाव आपल्या मंडळाचं, आणि भाडं आपणच भरायचं?

आयटीवाला : आणि तारीख चुकली की नाव दुसऱ्याला मिळू शकतं.

खजिनदार : मग मेल माझ्याकडे येऊ दे. पैसे भरायची तारीख या मंडळात फक्त माझ्या लक्षात राहते. पण नाव छोटं घ्या. अक्षरामागे दर आहे.

चिटणीस : जुनी ओळ कशी मिटवायची?

खजिनदार : मिटवायचेही पैसे पडतात. तिच्याखाली ‘(बंद)’ असं कोरू. कंस रेघेत धरायला लावतो.

चिटणीस : (उसासा टाकून) तरी मी तेव्हाच म्हणत होतो, आपण पैसे भरून रीतसर खातं घेऊ. महिन्याला दहा डॉलर. तुम्ही नको म्हणालात. फुकट्याचं आधी जातं ते असं!

आयटीवाला : पैसे भरणाऱ्यांचंही जाणार आहे, काका. १ सप्टेंबरला.

खजिनदार : काय म्हणालास? परत सांग. चिटणीस, तुम्ही लिहून घ्या.

आयटीवाला : पैसे भरणाऱ्यांचं पब्लिक फोल्डरही १ सप्टेंबर २०१७ला बंद. त्यांना साडेपाच महिने जास्त मिळाले.

खजिनदार : ठराव क्रमांक एक. सहा वर्षं महिन्याला दहा डॉलर वाचवल्याबद्दल ही सभा खजिनदारांचं अभिनंदन करते.

चिटणीस : आणि ठराव क्रमांक दोन?

खजिनदार : दहा वर्षांचं डोमेन एकदम घ्यायचं. सूट मागून बघायची. सर्वानुमते मंजूर.