पुढचा नंबर कोणाचा?

लोणावळ्यात शनिवार-रविवारसाठी बंगला भाड्यानं बघायला जा, जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: स्विमिंग पूल, बार्बेक्यू आणि कराओके. पहिल्या दोन पाहुण्यांपुरत्या असतात, तिसरी आख्ख्या आळीला फुकट मिळते. रात्री दहाला राखणदार दारात येऊन हळूच म्हणतो, "साहेब, दहा वाजले." या वाक्यात लाउडस्पीकरचा नियम किती आणि त्याची स्वतःची सुटका किती, ते त्यालाच ठाऊक.

तसा कराओकेचा जन्मही सहलीपायीच झाला म्हणतात. जपानातल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका कंपनीचे शेठ गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाले आणि याला म्हणाले, चल. याला जाणं जमेना, म्हणून यानं साथ टेप करून दिली. शेठ टेपवर गायले आणि खूश झाले. 1971 साली इनोउएनं नाणं टाकून चालणारं यंत्रच बनवलं. पेटंट मात्र घेतलं नाही. पुढं 2004 मध्ये त्याला थट्टेचं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं: माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत दिल्याबद्दल. परीक्षकांपैकी कोणीतरी लोणावळ्याच्या तुंगार्लीत शनिवारची रात्र काढलेली असणार.

आमच्या तळेगावात हे सहन करणं निवृत्त मंडळी दर आठवड्याला करतात, तेही वर्गणी काढून. मेव्हण्यांनी मलाही ओढलं. "दाजी, गळा राहू द्या बाजूला. उभं राहायची भीती जाते बघा."

खरं तर मावळात गाणाऱ्याला भ्यायचं काही कारणच नव्हतं. गावाच्या सप्ताहात भजनाला बसलं की पेटीवाले मामा सगळं निभावून न्यायचे. तुम्ही पट्टी सोडलीत तर मामांची बोटं गुपचूप तुमच्या पट्टीवर यायची. चरण विसरलात तर टाळकरी तो उचलायचे, आणि गाव म्हणायचं, काय रंगलं! कराओकेच्या ट्रॅकला असली माणुसकी नाही. मळवलीला लोकल जेवढी थांबते, तेवढंही तो थांबत नाही. मधलं म्युझिक संपलं की अंतरा निघाला, तुम्ही फलाटावर.

मेव्हण्यांनी रीतसर शिकवणी घेतली. मोबाईल स्टँडवर, चष्मा नाकावर, डाव्या हातानं मांडीवर मात्रा मोजायच्या. पडद्यावर शब्दांचा रंग बदलायला लागला की तोंड उघडायचं; बदलून झाल्यावर उघडलं तर उशीर झाला. माईक हनुवटीपाशी, वरचा सूर आला की वीतभर लांब. मूळ गाणं झेपत नसेल तर ट्रॅक दोन सूर खाली घ्यायचा, त्यात लाज नाही. चुकलं तर थांबायचं नाही आणि चेहरा तर अजिबात पाडायचा नाही, कारण चूक आधी चेहऱ्यावर ऐकू येते. एकोच्या बटणाला मात्र हात लावायचा नाही. थोडा वाढवला की आवाज गोड लागतो; आणखी वाढवला की कार्ल्याच्या लेण्यात उभं राहून बायकोला हाक मारल्यासारखं होतं.

हे सगळं कामाचंच आहे. पण माझी भीती गेली ती वेगळ्याच कारणानं. एकदा अंतऱ्यात मी मान वर केली. समोर भरलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येक मान खाली! जो तो आपापल्या मोबाईलवर आपापल्या गाण्याचे शब्द पुटपुटत होता. सभेत श्रोता म्हणून कोणी नव्हताच, होते ते सगळे पुढचे नंबर. त्या दिवसापासून माझे पाय लटपटायचे थांबले. हातवारे सुरू झाले. मध्येच एक गिरकीही घेतली. कोणी पाहिली नाही.

मग श्रावण आला. मंडळींनी लोणावळ्यात हॉल घेऊन कार्यक्रम ठेवला. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात विजेवर चालणारी कला घेऊन जायची, हा धीर निवृत्त माणसांनाच होतो. जरा उघडीप होती. मी 'आराधना'तलं ते आगगाडी आणि जीपवालं गाणं घेतलं होतं, दोन सूर खाली. दुसऱ्या अंतऱ्यात लाईट गेली. ट्रॅक गेला, माईक गेला, एको गेला. शिकवणीप्रमाणे मी थांबलो नाही.

हॉलमध्ये दुसरा आवाजच नव्हता. एकेक मान वर आली. कोणीतरी मोबाईलची बॅटरी माझ्या तोंडावर मारली, पाठोपाठ दहाबारा बॅटऱ्या लागल्या. आयुष्यात प्रथमच मला एवढी माणसं ऐकत होती आणि माझे पाय पुन्हा लटपटायला लागले. मागच्या रांगेतून, ज्यांना आम्ही नुसतं फिरायला म्हणून आणलं होतं ते पेटीवाले मामा ओरडले, "दाजी, खाली उतरलाय, वर या वर!" आणि टाळ्यांनी ठेका धरला. मी वर गेलो. मामांच्या चेहऱ्यावरून, जरा जास्तच गेलो. पण टाळी तुटली नाही आणि गाणं कसंबसं शेवटाला लागलं.

टाळ्या झाल्या. पुढचा नंबर असलेल्या काकूंनी अंधारातच काळजीनं विचारलं, "लाईट आल्यावर हे परत पहिल्यापासून म्हणणार आहेत का?"